मान का दुखते?

‘डॉक्टर, मणक्यात गॅप आला आहे, गोळ्या द्या,’ असे म्हणून क्ष-किरण फोटो टेबलावर ठेवणारे रुग्ण आमच्या पिंपळगाव राजात नेहमीच भेटतात. हा ‘गॅप’ शब्द कोणी रूढ केला कोण जाणे! मानेत सात मणके असतात आणि त्यांच्यामध्ये कूर्चेच्या चकत्या. वयोमानानुसार चकती झिजली की मणक्यांतले अंतर कमी होते, वाढत नाही. पन्नाशीनंतर असे बदल बहुतेकांच्या फोटोत दिसतात. मान दुखत नसलेल्यांच्याही! केस पिकावेत तसाच हा प्रकार. तेव्हा फोटोतील झीज हेच दुखण्याचे कारण, असे लगेच समजू नये.

खरे कारण बहुधा स्नायूंत असते. डोक्याचे वजन साडेचार ते पाच किलो. भरलेली कळशी छातीशी धरा आणि मग हात लांब करून धरा, फरक लगेच कळेल. डोके पुढे झुकले की मानेमागच्या स्नायूंचे असेच होते. खामगावचे चांदीचे कारागीर, शिलाई मशीनवर बसणारे, वह्या तपासणारे गुरुजी या सर्वांची तक्रार एकच. आता मोबाइलमुळे कॉलेजची मुलेही त्यांत आली. कापसाचे गाठोडे डोक्यावरून वाहणाऱ्या बायांची मान तर दाबामुळेच दुखते. उंच उशीवर झोपल्याने सकाळी मान धरते ती वेगळीच.

असे दुखणे बहुधा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत थांबते. पंधरा मिनिटे कोमट शेक घ्यावा, मान हळूहळू सर्व बाजूंना हलवावी, अर्ध्या-पाऊण तासाने कामातून उठावे. पट्टा महिनोन्महिने बांधल्यास स्नायू उलट दुबळे होतात. दुकानातून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या रोज खाल्ल्यास जठरात व्रण होतो, मूत्रपिंडावरही परिणाम होतो. दाढी-कटिंगनंतर मान कडाकडा मोडून घेण्याची हौस तर सोडूनच द्यावी. अशा झटक्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आतून फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्रात नोंदलेली आहेत.

चकती सरकून मज्जातंतू दाबला गेला, तर कळ खांद्यातून हातात उतरते, बोटांना मुंग्या येतात. यातीलही बरेच रुग्ण शस्त्रक्रियेविना बरे होतात. पण मज्जारज्जूच दाबला गेला तर गोष्ट निराळी. काही वर्षांपूर्वी साठीचे एक शेतकरी मानदुखीसाठी माझ्याकडे दोनदा आले. दोन्ही वेळा मी गोळ्या देऊन पाठवले. तिसऱ्यांदा त्यांची पत्नी सोबत होती. ती म्हणाली, ‘भाऊ, यांच्या पायातली चप्पल निसटते अन् यांना समजतही नाही. सदऱ्याची गुंडीही मीच लावून देते.’ तेव्हा मी त्यांना प्रथमच चालायला लावले. पाय ताठ पडत होते. अकोल्याला एम.आर.आय. झाला, नागपूरला शस्त्रक्रिया झाली. चाल बरीच सुधारली, पण बोटांतले कसब पूर्ण परतले नाही. ते दोन महिने माझ्या हातून गेले. तेव्हापासून मानदुखीच्या रुग्णाला मी आधी चालायला लावतो, फोटो मागाहून पाहतो.

हातपाय दुबळे वाटणे, तोल जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. तीव्र ताप, डोकेदुखी, उलट्या आणि ताठ मान हा मेंदूज्वर असू शकतो. संध्याकाळचा बारीक ताप आणि घटते वजन असेल तर मणक्याच्या क्षयाची तपासणी करावी. मानेसोबत जबडा, डावा हात दुखून दरदरून घाम आल्यास हृदयाचा विचार आधी.

झाडावरून किंवा मोटारसायकलवरून पडलेल्या माणसाला मात्र आपण घाईने उठवून बसवतो आणि पाणी पाजतो. तसे करू नये. डोके-मान सरळ, स्थिर धरून ठेवावी आणि १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी.