रेतीत लपणारी मुडदुशी

कोकणातल्या आपल्या घरांत आजारातून उठलेल्या माणसाला किंवा नुकत्याच जेवू लागलेल्या मुलाला मासळी द्यायची म्हटले की मुडदुशीची आठवण होते. कुठे तिला रेणवी म्हणतात, हॉटेलात ‘लेडी फिश’. मांस पांढरे, मऊ, पचायला हलके. झिंग्यावरून हनफी आणि शाफई घरांत चर्चा रंगते. मुडदुशीवर दोघांचे एकमत!

तिचे शास्त्रीय नाव सिलागो सिहामा. यातला ‘सिहामा’ अरबी आहे, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. पीटर फोर्सकाल हे निसर्ग-अभ्यासक डेन्मार्कच्या राजाने पाठवलेल्या मोहिमेबरोबर येमेनला गेले होते. तांबड्या समुद्रातल्या अनेक माशांना त्यांनी तिथल्या लोकांच्या तोंडची अरबी नावेच दिली. १७६३ साली येमेनमध्येच मलेरियाने त्यांचा इंतेकाल झाला. सहा जणांपैकी कार्स्टन नीबूर एवढेच परतले, तेही आपल्या मुंबईत मुक्काम करून. त्यांनीच १७७५ मध्ये फोर्सकालांची टिपणे छापली. अरब किनाऱ्यावरचा बोलीतला शब्द असा जगभरच्या विज्ञानग्रंथांत गेला. वर्गात आम्ही हे आवर्जून सांगतो. मुलांना अरबी फक्त मदरशातच भेटते असे वाटू नये.

मुडदुशी साधारण वीतभर. तांबड्या समुद्रापासून ऑस्ट्रेलियापर्यंत तिचा वावर, आणि सुएझ कालवा झाल्यावर त्या वाटेने ती भूमध्य समुद्रातही पोहोचली. राहते मात्र किनाऱ्यालगत, उथळ रेताड पाण्यात आणि खाडीच्या मुखाशी. लांबट तोंडाने रेतीतले किडे, बारीक कोळंबी शोधून खाते. रापण ओढली जाऊ लागली की झटकन रेतीत घुसते आणि जाळे वरून निघून जाते. पण माणूसही काही कमी नाही. पायांनी चाचपून दडलेली मुडदुशी हुडकणारे कोळी आहेत.

ज्या रेतीत ती दडते तीच आज खाडीतून सक्शन पंपाने उपसली जाते. घरे बांधायला वाळू लागते, आम्हीही वाळूच्याच घरात राहतो. तरी रातोरात तळ खरवडला की तिचे खाणे आणि आसरा दोन्ही जातात. पिल्ले तर खाडीच्या उथळ पाण्यातच वाढतात. शिवाय बारीक आसाच्या जाळ्यात ती बोटाएवढी असतानाच सापडतात आणि बाजारात वाट्यावर स्वस्तात विकली जातात. अशा वाट्यात कालवणापुरतेही मांस निघत नाही. आमच्या घरात तो आता घेत नाहीत. वीतभर मुडदुशी मिळाली तर घेतात, नाहीतर त्या दिवशी डाळ.