वहीबाहेरची मंडळी

अमरावतीच्या जात प्रमाणपत्र पडताळणी समितीने एका सतरा वर्षांच्या मुलीचा ‘महार’ जातीचा दावा फेटाळला होता. दक्षता पथक चौकशीला घरी गेलं तेव्हा भिंतीवर येशू ख्रिस्ताची तसबीर दिसली, हे त्यामागचं कारण. घराणं बौद्ध. तसबीर कुणीतरी भेट दिली म्हणून लावली, असं मुलीचं म्हणणं. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने समितीचा निर्णय रद्द केला. घरात येशूचं चित्र आहे एवढ्यावरून कुटुंबाने धर्म बदलला असं ठरत नाही आणि कुणाचा बाप्तिस्मा झाल्याचा पुरावाही समोर नाही, असं न्यायालय म्हणालं.

निकाल योग्य आहे, आणि मुलीला तिचा हक्क मिळाला. पण अहिल्यानगर, जालना, छत्रपती संभाजीनगर या पट्ट्यातल्या एखाद्या पाळकाने ही बातमी वाचली, तर त्याच्या मनात वेगळाच प्रश्न येणार. पुरावा सापडला असता तर? तो पुरावा त्याच्याच कपाटात असतो. लांबट, जाड पुठ्ठ्याची बाप्तिस्म्याची वही. तीत तारीख, मुलाचं नाव, आईबापाचं नाव, गाव, साक्षीदार, पाळकाची सही. ज्या दिवशी घरच्यांनी नवे कपडे घालून लेकराला पुढे नेलं, त्या दिवसाची ती नोंद. तीच नोंद पुढे त्या लेकराची शिष्यवृत्ती, वसतिगृहातली जागा, नोकरी, राखीव वॉर्डातली उमेदवारी घालवू शकते.

आधुनिक काळात चर्चपुढे कोणती आव्हानं आहेत, असं विचारलं की व्यासपीठावरून ठरलेली उत्तरं येतात. तरुण उपासनेला येत नाहीत, मोबाइलने घरं बिघडवली, पैशाची हाव वाढली. यात खोटं काही नाही. पण महाराष्ट्रातल्या मराठी चर्चचं मूळ दुखणं या वहीत आहे, असं माझं मत आहे. चर्च ज्यांच्या जिवावर उभं आहे, त्यांतल्या अनेकांना आपलं नाव तिथे उघडपणे लिहिता येत नाही.

१० ऑगस्ट १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची यादी ठरली. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाप्रमाणे हिंदू धर्माखेरीज अन्य धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची गणली जाणार नव्हती. १९५६मध्ये शिखांसाठी आणि १९९०मध्ये बौद्धांसाठी हे दार उघडलं. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. अनुसूचित जमातींना मात्र धर्माची अट नाही. म्हणजे नंदुरबारचा ख्रिस्ती भिल्ल कायद्याने आदिवासीच राहतो आणि राहुरीचा ख्रिस्ती मातंग कायद्याने मातंग राहत नाही. त्याला फार तर इतर मागासवर्गात जागा मिळते. गावात कुणी जातीवरून शिवी देऊन मारहाण केली, तर ॲट्रॉसिटी कायद्याखाली त्याची तक्रार उभी राहत नाही. शिवी देणारा त्याचा धर्म विचारून शिवी देत नाही, पण संरक्षण देताना कायदा तो विचारतो.

सूसै नावाच्या चर्मकाराचा खटला या संदर्भात पुन्हा पुन्हा सांगितला पाहिजे. मद्रासमध्ये रस्त्याच्या कडेला बसून चपला सांधणारा हा आदि द्रविड माणूस. सरकारने अनुसूचित जातींच्या चर्मकारांना फुकट टपऱ्या द्यायची योजना काढली. त्याला टपरी नाकारली, कारण तो ख्रिस्ती. १९८५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची याचिका फेटाळली. धर्मांतरानंतरही जातीचा जाच त्याच तीव्रतेने चालू राहतो, हे दाखवणारी पुरेशी सामग्री समोर नाही, असं कारण दिलं. उलट, २०१५मध्ये केरळच्या के. पी. मनू यांच्या खटल्यात याच न्यायालयाने सांगितलं, की ख्रिस्ती घराण्यातला माणूस हिंदू धर्मात परतला आणि समाजाने त्याला स्वीकारलं, तर त्याला जुनी जात परत मिळू शकते. हे दोन निकाल शेजारी ठेवून मला प्रश्न पडतो. ख्रिस्ती झाल्यावर जात खरंच गेलेली असेल, तर परतल्यावर ती येते कुठून?

रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७मध्ये अनुसूचित जातीचा दर्जा धर्मापासून वेगळा करावा अशी शिफारस केली. अंमलबजावणी झाली नाही. ऑक्टोबर २०२२मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला गेला, त्याला मुदतवाढही मिळाली. दरम्यान नोव्हेंबर २०२४मध्ये पुदुच्चेरीच्या एका महिलेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. बाप्तिस्मा घेतलेली, चर्चला नियमित जाणारी व्यक्ती केवळ नोकरीतल्या राखीव जागेसाठी स्वतःला हिंदू म्हणवत असेल, तर ती राज्यघटनेशी प्रतारणा आहे, असं कडक भाषेत सांगितलं. कायद्याच्या चौकटीत न्यायालयाचा तर्क समजतो. पण ज्या घरात दोन पिढ्या रोजंदारीवर गेल्या आणि तिसऱ्या पिढीचं पोर नर्सिंगला लागू पाहतं आहे, त्या घराला ‘देव निवड नाहीतर फी निवड’ असं सांगण्याचा अधिकार कुणाला आहे?

ही कोंडी नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात एवढी खोल का रुतली, ते समजायला मागे जावं लागतं. अमेरिकन मराठी मिशनचं काम १८१३मध्ये मुंबईत सुरू झालं आणि १८३१मध्ये नगरला आलं. नगरहून १८४२मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघालं. सिंथिया फेरार यांची मुलींची शाळा इथलीच. सावित्रीबाई फुल्यांच्या अध्यापनाच्या शिक्षणाशी त्यांचं नाव जोडलं जातं. पुढे अँग्लिकन मिशन आलं, कॅथलिक जेझुइट आले. १८७६–७८च्या दुष्काळानंतर महारवाड्यांतून आणि मांगवाड्यांतून माणसं मोठ्या संख्येने चर्चकडे वळली. दुष्काळी कामावरच्या धान्यासाठी ती आली, असं तेव्हाही म्हटलं गेलं आणि आजही म्हटलं जातं. धान्य हे एक कारण होतंच. पण ज्या माणसाला गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, त्याला कुणीतरी शेजारी बसवून अक्षरं गिरवायला दिली, या गोष्टीची किंमत भाकरीत मोजता येत नाही. दुष्काळ सरला तरी यातली पुष्कळ घरं चर्चमध्ये राहिली, याचा विचार टीकाकारांनी करावा.

मराठी ख्रिस्ती परंपरा सांगताना मात्र आपण नावं घेतो ती रेव्हरंड ना. वा. टिळकांची, लक्ष्मीबाईंची, पंडिता रमाबाईंची, निळकंठशास्त्री गोऱ्यांची. ही माणसं मोठीच. टिळकांची पदं काढली तर मराठी उपासनेत फार थोडं उरेल, आणि १९१७मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा स्वतःचा संघ काढणाऱ्या या माणसाचं धैर्य आजच्या पाळकांनीही घ्यावं असं आहे. पण ही सारी ब्राह्मण घराण्यांतून आलेली. बाकांवर बसलेल्या बहुसंख्य माणसांचे पणजोबा कुठून आले, हे आपल्या स्मरणग्रंथांत येत नाही. ज्या समाजाने स्वतःचा इतिहासही उच्चवर्णीयांच्या नावांनी सांगितला, त्याला ‘आमच्यात जात नाही’ असं म्हणायची सवय लागणं स्वाभाविक होतं.

जात आहे. लग्न ठरवताना ती बाहेर येते: ‘मुलगा चर्चचाच आहे, पण कुठले?’ हा प्रश्न आणि त्यापुढची शांतता प्रत्येक मराठी ख्रिस्ती घराला ठाऊक आहे. पंचांच्या निवडणुकीत ती पॅनल बनून येते. डॉ. आंबेडकरांनी धर्मांतरित अस्पृश्यांच्या स्थितीवर इंग्रजीत लिहिलेलं विवेचन त्यांच्या समग्र लेखनाच्या पाचव्या खंडात आहे. त्यात त्यांनी मिशनच्या कार्यपद्धतीवर बोट ठेवलं. शाळा-कॉलेजांवर आणि दवाखान्यांवर एवढा खर्च होतो, त्याचा लाभ मोठ्या प्रमाणात वरच्या जातींना मिळतो आणि अस्पृश्यांतून आलेला ख्रिस्ती आपल्या नागरी हक्कांसाठी संघटित होत नाही, ही त्यांची तक्रार होती. चर्चने तिचं उत्तर कधी नीट दिलं नाही. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर २०१६मध्ये दलित सक्षमीकरणाचं धोरण प्रसिद्ध केलं. देशातल्या सुमारे १ कोटी ९० लाख कॅथलिकांपैकी १ कोटी २० लाख दलित असल्याचं आणि चर्चमध्ये अस्पृश्यता पाळली जात असल्याचं त्यात कबूल केलं. हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला ऑगस्ट २०२२मध्ये कार्डिनल झाले, ते या समाजातले पहिले. चर्चच्या लोकसंख्येत साठ टक्क्यांहून अधिक असलेल्यांना त्या आसनापर्यंत पोचायला एवढा काळ लागला, ही गोष्ट सरकारच्या आदेशावर ढकलता येणार नाही.

प्रोटेस्टंट बाजूला सगळी ताकद जमिनीच्या भांडणांत जाते. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा चर्चसंघटना एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झालं. हा आनंदाचा क्षण होता. पण मिशनने मागे ठेवलेल्या शाळा, दवाखाने, बंगले, मोकळे प्लॉट वेगवेगळ्या विश्वस्त संस्थांच्या नावावर होते. गुजरातमधल्या ब्रदरन चर्चच्या प्रकरणात २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की केवळ विलीनीकरणाचा ठराव करून सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालची मालमत्ता दुसऱ्याकडे जात नाही. महाराष्ट्रातही मूळ कायदा तोच, १९५०चा. धर्मादाय आयुक्तांपुढे विश्वस्तबदलाचे अर्ज, त्यावर हरकती, हरकतींवर अपिलं, आणि तोवर शहराच्या मध्यावरचा प्लॉट कुणाच्या तरी ताब्यात.

इथेही प्रश्न वहीवरच येतो. विश्वस्त निवडायला मतदान, मतदानाला सभासद यादी आणि यादीत यायला वहीत नाव. ज्याने मुलाच्या दाखल्याच्या भीतीने नाव लावलं नाही, तो वीस वर्षं पाठीमागच्या बाकावर बसला तरी त्याला मत नाही. मिशनने ज्यांच्यासाठी जमिनी घेतल्या, त्यांचीच मुलं त्या जमिनींचा निर्णय होताना खोलीबाहेर उभी राहतात.

आणि तरी ही माणसं येतात. नगरकडच्या खेड्यातला कापणीचा सण पाहावा. कुणी बाजरीची पायली आणतं, कुणी दुधी, कुणी डझनभर अंडी, एखादी म्हातारी पाय बांधलेला कोंबडा. सगळं वेदीपुढे मांडतात, प्रार्थना होते, मग अंगणात लिलाव. बोली बाजारभावाच्या दुप्पट-तिप्पट चढते. दुधी घेणारा तो घरी नेत नाही, ‘पुन्हा बोला’ म्हणून परत देतो, आणि एकच दुधी चार हातांतून फिरून देवळाच्या छपरासाठी चार वेळा पैसे मिळवतो. ऊसतोडीला जायच्या आधी आगाऊ उचल घेतलेली माणसं हे करतात. त्यांतल्या कितीजणांची नावं वहीत आहेत, हे त्या दिवशी कुणी विचारत नाही.

श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावला सप्टेंबरमध्ये मतमाउलीची, म्हणजे मरियेची, यात्रा भरते. मराठवाड्यापर्यंतची माणसं येतात, आणि त्यांत बाप्तिस्मा न झालेली पुष्कळ. घराघरांत भरणाऱ्या नव्या प्रार्थनासभाही याच कारणाने वाढल्या. तिथे वही नाही, दाखला नाही, पंचकमिटी नाही. आजारी माणसाच्या डोक्यावर हात ठेवून नाव घेऊन प्रार्थना करतात. जुनी चर्चेस या सभांना ‘मेंढरं पळवणारे’ म्हणतात. तिथल्या बरं करण्याच्या दाव्यांवर आणि हिशेब नसलेल्या दानावर मी गप्प बसणार नाही. त्यात गरिबांची फसवणूकही होते. पण ती माणसं तिकडे का गेली, याचं उत्तर जुन्या चर्चने स्वतःच्या वागण्यात शोधायला हवं. नाव न लावणाऱ्याला ‘अर्धा ख्रिस्ती’ म्हणणारा पंच स्वतःच्या नातवाचा शाळेचा दाखला कसा लिहितो, हे मंडळीला ठाऊक असतं.

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती १० लाख ८० हजार, लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी. त्यांतले बहुसंख्य मुंबई, ठाणे, वसई, पुण्याच्या बाजूचे. ग्रामीण मराठवाड्यातल्या आणि नगरच्या प्रार्थनास्थळांतली गर्दी या आकड्यात पुरती उतरत नाही, कारण अनुसूचित जात नोंदवायची तर धर्माच्या रकान्यात हिंदू, शीख किंवा बौद्ध यांपैकीच एक लागतो.

२०२७च्या जनगणनेत प्रत्येकाची जात विचारली जाणार आहे, ख्रिस्ती घरांतही. ‘आमच्यात जात नाही’ असं सांगून मोकळं होण्याचा मोह अनेक पाळकांना होईल. माझं म्हणणं उलट आहे. ज्यांचं नाव वहीत आहे त्यांनी धर्म ख्रिस्ती आणि जात महार, मांग, चांभार, जी असेल ती, उघड लिहावी. सूसैच्या खटल्यात न्यायालयाने सामग्री मागितली होती. ती आता समाजानेच पुरवायची आहे. ज्यांना लिहिणं परवडत नाही, त्यांना व्यासपीठावरून एक शब्दही बोलू नये. बिशपांनी आणि सिनॉडांनी त्याआधी आपलं स्वतःचं दप्तर उघडावं: किती पाळक, किती विश्वस्त, किती मुख्याध्यापक कोणत्या समाजातले, मिशनच्या कॉलेजांत मांगवाड्यातल्या किती मुलींना प्रवेश मिळाला आणि किती जमीन कुणाच्या ताब्यात आहे. ही माहिती गोळा करायला कुठल्याही आयोगाची वाट पाहावी लागत नाही. पुढच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय पहिला घ्यावा, लेखापरीक्षणाच्याही आधी.