जुनी भिंगे आणि आरसाविरहित कॅमेरा : एक विचार

फिल्म कॅमेरे मागे पडले आणि त्यांची भिंगेही निरुपयोगी झाली, असा समज रूढ आहे. तो तपासून पाहिला पाहिजे. भिंग बसविण्याच्या कड्यापासून फिल्मपर्यंतचे अंतर प्रत्येक पद्धतीत निश्चित असते. निकॉनच्या एफ पद्धतीत ते ४६.५ मिलिमीटर, तर आट्यांच्या एम४२ पद्धतीत ४५.४६ मिलिमीटर आहे. कारण मधल्या जागेत आरसा हलावा लागे. २००८ मध्ये आलेल्या पॅनासोनिक जी१ कॅमेऱ्यात आरसाच नसल्याने हे अंतर सुमारे २० मिलिमीटर झाले. उरलेली जागा धातूच्या पोकळ कड्याने भरली, की जुने भिंग दूरच्या वस्तूवरही नीट केंद्रित होते. कड्यात काच लागत नाही, हे विशेष.

सोव्हिएत बनावटीचे हेलिओस ४४-२ हे ५८ मिलिमीटरचे भिंग याचे परिचित उदाहरण होय. जी१ चा संवेदक फिल्मच्या चौकटीच्या निम्म्या कर्णाचा असल्याने ते ११६ मिलिमीटर भिंगाइतकेच दृश्य टिपते. व्यक्तिचित्रणास सोयीचे, विस्तीर्ण निसर्गदृश्यास नव्हे. केंद्रीकरण व छिद्रनियंत्रण हातानेच करावे लागते. काम मंदावते खरे, परंतु छंदाचा खरा आनंद प्रस्तुत लेखकाच्या मते तेथेच आहे.

महाविद्यालयांच्या डेड स्टॉकमधील अशा भिंगांचे निर्लेखन करण्यापूर्वी ती दिव्यासमोर धरून पाहावीत. आत कोळिष्टकासारखे तंतू दिसल्यास ती बुरशी समजावी व तेवढेच भिंग वेगळे काढावे.