ब्रिटनच्या आरोग्यसेवेतील भारतीय डॉक्टर

आपल्या हितचिंतकांपैकी अनेकांच्या कुटुंबातील मुलगा, सून किंवा भाचा इंग्लंडमध्ये डॉक्टर आहे. तेथील रुग्णालयांत भारतीय डॉक्टर एवढ्या मोठ्या संख्येने कसे, असे रुग्णांचे नातेवाईकही कुतूहलाने विचारतात. ‘तिकडे पैसा जास्त’ हे त्याचे अर्धेच उत्तर होय.

ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली. उपचार विनामूल्य झाले आणि दवाखान्यांत रुग्णांची रीघ लागली. असे असता १९५७ साली विलिंक समितीने, पुढे डॉक्टर गरजेपेक्षा अधिक होतील अशा समजुतीने, वैद्यकीय प्रवेश सुमारे १० टक्क्यांनी घटविण्याची शिफारस केली. हा अंदाज साफ चुकला. त्याच सुमारास अनेक ब्रिटिश डॉक्टर कॅनडा, ऑस्ट्रेलिया व अमेरिकेची वाट धरत होते. अनुभवी डॉक्टर घडण्यास दहा-बारा वर्षे लागतात. त्यामुळे अशी चूक एका अंदाजपत्रकात दुरुस्त होत नाही.

ही उणीव भरून काढण्यास भारतीय उपखंडातील डॉक्टर जणू तयारच होते. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालचे. अशा महाविद्यालयांतील अभ्यासक्रम, ग्रंथ आणि शिक्षणाचे माध्यम इंग्रजी वळणाचे होते, आणि अनेक भारतीय पदव्यांना तेथील जनरल मेडिकल कौन्सिलची मान्यता होती. एफ.आर.सी.एस. किंवा एम.आर.सी.पी. होऊन परतावे, या हेतूने तरुण डॉक्टर जात. कित्येक तिकडेच स्थिरावले.

मात्र त्यांच्या वाट्याला कोणते काम आले, हे पाहण्यासारखे आहे. नामांकित शिक्षण-रुग्णालयांतील मानाच्या जागा क्वचितच मिळत. वृद्धांचे आजार, मानसोपचार अशा, स्थानिक पदवीधर टाळत असलेल्या शाखांत त्यांना वाव होता. अनेकांनी खाणकामगारांच्या व गिरणीकामगारांच्या वस्त्यांत कुटुंबाचे डॉक्टर म्हणून दवाखाने चालविले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अशा डॉक्टरांपैकी सुमारे १६ टक्के दक्षिण आशियातून आलेले होते. या सेवेचे जनक ॲन्युरिन बेव्हन दक्षिण वेल्सच्या ज्या कोळसाखाणींच्या परिसरात जन्मले, तेथेही कामगारांची फुप्फुसे पिढ्यान्‌पिढ्या भारतीय डॉक्टरांनी तपासली. याच भागात काम करणाऱ्या डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ साली मांडले की, जेथे गरज सर्वाधिक तेथे चांगली वैद्यकीय सेवा सर्वांत कमी पोहोचते. ही तफावत भरून काढण्याचा भार बव्हंशी परदेशी शिकलेल्यांनी वाहिला.

१९७५ साली भारतीय पदव्यांची मान्यता संपली. पुढे ज्ञान व भाषा यांची परीक्षा अनिवार्य झाली. रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी परीक्षा हवीच; आमचे त्याविषयी दुमत नाही. परंतु परीक्षा उत्तीर्ण होऊनही २००६ सालच्या बदललेल्या नियमांमुळे अनेक तरुण भारतीय डॉक्टरांना प्रशिक्षणाच्या जागा मिळेनात. अखेर हाउस ऑफ लॉर्ड्सने २००८ साली रुग्णालयांना दिलेली ती सूचना बेकायदा ठरविली. गरज असता बोलवावे आणि नसता दार लावावे, असा हा व्यवहार!

२०२० च्या कोविड साथीत ब्रिटनमध्ये प्रथम मृत्युमुखी पडलेल्या डॉक्टरांत बहुतांश परदेशी जन्मलेले होते. २०२३ साली तेथे नव्याने नोंदणी झालेल्या डॉक्टरांत निम्म्याहून अधिक परदेशात शिकलेले होते.

आता जमाखर्चाची दुसरी बाजू. सरकारी महाविद्यालयातील डॉक्टरच्या शिक्षणाचा मोठा वाटा येथील करदात्याने उचललेला असतो. तो डॉक्टर गेला की गरीब देशाने श्रीमंत देशाला दिलेली ती देणगीच ठरते. तिची पावती मात्र कोणी फाडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली अशा भरतीसाठी आचारसंहिता स्वीकारली, पण ती ऐच्छिक आहे आणि तीत भरपाईची सक्ती नाही. जाणाऱ्या तरुणाला दोष द्यावा असे आम्हांस वाटत नाही. तथापि तालुक्याच्या गावी शस्त्रक्रियेचे टेबल सज्ज असूनही भूलतज्ज्ञाअभावी रुग्णाला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवावे लागते, तेव्हा त्या देणगीचा हिशेब रुग्णवाहिकेत बसलेल्या नातेवाइकांनाच चुकवावा लागतो.