जोडा कुठे चावतो? अमेरिकी नगररचनेची गोष्ट

तत्त्वज्ञानाच्या माणसाने नगररचनेवर कशाला बोलावं, असं कोणी विचारलं तर प्रश्न रास्तच आहे. रस्ता किती फूट रुंद असावा यात आपल्याला आज शिरायचं नाहीये. शहर चांगलं की वाईट हे ठरवायचं कोणी, हा प्रश्न आपण धरणार आहोत. अमेरिकेत तो सव्वाशे वर्षं अगदी उघड्यावर लढला गेला, म्हणून उदाहरण तिथलं.

शिकागोपासून सुरुवात करू. रेल्वेचे डबे बनवणारे कारखानदार जॉर्ज पुलमन यांनी १८८० पासून शहराच्या दक्षिणेला कामगारांसाठी एक आखीव गाव वसवलं. विटांची पक्की घरं, नळाचं पाणी, बाग, वाचनालय, नाटकगृह. बघायला लांबून लोक यायचे. घर मात्र विकत मिळायचं नाही, कंपनीकडूनच भाड्याने घ्यायचं. १८९३ साली मंदी आली. कंपनीने मजुरी कापली, पण भाडं तेवढंच ठेवलं. १८९४ मध्ये संप झाला, रेल्वे ठप्प झाली, केंद्र सरकारने सैन्य पाठवलं. गाव सुंदर होतं हे संपकऱ्यांनीही नाकारलं नसतं. पण त्या गावात त्यांना विचारत कोणी नव्हतं.

याच संपाच्या धामधुमीत, जुलै १८९४ मध्ये, एक तरुण प्राध्यापक शिकागो विद्यापीठात रुजू व्हायला आला: जॉन ड्यूई. हेच पुढे कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब आंबेडकरांचे गुरू झाले. १९२७ च्या एका पुस्तकात ड्यूईंनी साधा दाखला दिला. जोडा चावतो आणि कुठे चावतो, हे घालणाऱ्यालाच कळतं. तो दुरुस्त कसा करायचा हे मात्र कारागीर जास्त चांगलं जाणतो. आपल्याकडे ‘ज्याचं जळतं त्याला कळतं’ म्हणतात, पण त्यात कारागीर नाही. ड्यूईंना दोघंही हवेत. आजच्या व्याख्यानात हा जोडा आपण बरोबर घेऊन चालू.

संपाच्या आदल्याच वर्षी शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं होतं. डॅनियल बर्नहॅम यांच्या देखरेखीखाली सरोवराकाठी एक पांढरंशुभ्र, तात्पुरतं शहर उभं राहिलं. लोक भारावले. ‘सिटी ब्यूटिफुल’ म्हणतात ती चळवळ तिथून पसरली. १९०९ मध्ये बर्नहॅमनी व्यापाऱ्यांच्या एका क्लबसाठी शिकागोचा आराखडा केला. त्यातली चित्रं मुद्दाम बघा. बरीचशी आकाशातून पाहिल्यासारखी आहेत. भव्य रस्ते, घुमट, सरोवराचा मोकळा काठ. हा काठ मोकळा राखण्यात त्या आराखड्याचा मोठा हात आहे, आणि शिकागोचा सामान्य माणूस त्याचा आजही उपभोग घेतो. तेव्हा बर्नहॅमना खलनायक करू नका. पण गरिबांच्या घरांबद्दल त्या आराखड्यात फारच थोडं सापडतं.

त्याच शहरात जेन ॲडम्स यांच्या हल हाऊसमधल्या बायका घरोघर जात होत्या. कोण कुठल्या देशातून आलं, आठवड्याला किती कमावतं, हे विचारून त्यांनी रंगीत नकाशे केले, १८९५ मध्ये छापले. एक नकाशा आकाशातून काढलेला, एक दारात उभं राहून. आम्हाला विचाराल तर दुसरा अधिक कष्टाचा.

यानंतर आलं झोनिंग, म्हणजे कुठे काय बांधायचं याचा कायदा. न्यूयॉर्कने १९१६ मध्ये शहरभर तो लागू केला. प्रचंड इमारतींच्या सावल्या हे एक कारण होतं. दुसरं असं की फिफ्थ ॲव्हेन्यूच्या श्रीमंत दुकानदारांना जेवणाच्या सुट्टीत फुटपाथ भरून टाकणारे शिवणकारखान्यांतले कामगार नको होते. १९१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वंशाप्रमाणे वस्त्या वाटणारा लुईव्हिलचा नियम रद्द केला. १९२६ मध्ये मात्र क्लीव्हलंडजवळच्या युक्लिड गावाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने झोनिंग वैध ठरवलं. निकालात घरांच्या वस्तीत येणाऱ्या फ्लॅटच्या इमारतीला चक्क बांडगूळ म्हटलं आहे. ‘इथे अमुक वंशाचे लोक नकोत’ असं लिहिता येत नव्हतं. ‘इथे एका मोठ्या भूखंडावर एकाच कुटुंबाचं घर’ असं लिहिता येत होतं. पुष्कळ ठिकाणी परिणाम फारसा वेगळा झाला नाही.

मग १९४९ चा गृहनिर्माण कायदा. झोपड्या आणि जुनाट वस्त्या पाडायच्या, निव्वळ खर्चाचे दोन तृतीयांश केंद्र देणार. १९५६ पासून महामार्गांचा पैसा आला. नकाशावर ज्याला ‘जुनाट’ म्हटलं, तिथे राहणाऱ्याची दुकानं, चर्च, उधारीवर देणारा वाणी असं सगळं जग होतं. त्यात कृष्णवर्णीयांच्या वस्त्या फार मोठ्या प्रमाणात गेल्या. सेंट लुईसमध्ये प्रुइट-आयगो नावाच्या अकरा मजली तेहतीस इमारती उभ्या राहिल्या. काटकसर म्हणून लिफ्ट दर तिसऱ्या मजल्यावरच थांबायची. देखभाल भाड्यातून करायची होती. शहर रिकामं होत गेलं, भाडं आटलं, देखभाल थांबली. १९५४ मध्ये लोक राहायला आले, १९७२ मध्ये सुरुंग लावून पाडायला सुरुवात झाली. दोष नुसत्या वास्तुरचनेवर ढकलण्याची पद्धत आहे. ती आम्हाला पटत नाही. गळका पाइप दुरुस्त करायला पैसे नसतील तर आराखडा कुणाचाही असो.

जेन जेकब्स यांच्याकडे नगररचनेची पदवी नव्हती. ग्रीनिच व्हिलेजमधल्या आपल्या घराखालचा फुटपाथ त्यांनी नीट पाहिला होता. दुकानदार, येणारी-जाणारी माणसं, खिडकीतून बघणारी म्हातारी, यांच्या नजरेने रस्ता सुरक्षित राहतो, हे त्यांनी १९६१ च्या पुस्तकात मांडलं. रॉबर्ट मोझेस यांचा खालच्या मॅनहॅटनमधून जाणारा महामार्ग त्यांनी आणि शेजाऱ्यांनी लढून थांबवला. १९६९ मध्ये शेरी आर्नस्टाइन यांनी लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली: खाली नुसती बोळवण, वर खरी सत्ता. जोडा घालणाऱ्याला अखेर बोलता आलं.

इथे टाळ्या वाजवून थांबता आलं असतं. पण बैठकीला येतं कोण? ज्याचं तिथे आधीपासून घर आहे तो. ज्याला त्या वस्तीत भाड्याने जागा हवी आहे आणि मिळत नाही, त्याचाही जोडा चावतोच. पण तो दुसऱ्या गावात राहतो, सभेचं पत्र त्याच्याकडे जात नाही. आणि वाचवलेलं ग्रीनिच व्हिलेज आज इतकं महाग आहे, की जेकब्सच्या फुटपाथवरची बरीच मंडळी तिथे आता राहू शकणार नाहीत. ड्यूईंचा दाखला इथे अपुरा पडतो, असं आम्हाला वाटतं. एकाचा जोडा सैल केला की दुसऱ्याचा आवळतो, याला त्यात जागा नाही.

मिनिआपोलिसने डिसेंबर २०१८ मध्ये आराखडा मंजूर केला, की जिथे फक्त एका कुटुंबाचं घर चालत होतं तिथेही तीन बिऱ्हाडांपर्यंत बांधता येईल. जाहीर चर्चा पुष्कळ झाली, विरोधही झाला. काही गट पर्यावरण कायद्याचा आधार घेऊन कोर्टात गेले. त्या काळात घरांसमोरच्या हिरवळीवर लाल पाट्या लागल्या होत्या, आमच्या वस्त्यांवर बुलडोझर फिरवू नका अशा अर्थाच्या. साठ वर्षांपूर्वी हे शब्द ज्यांच्या तोंडी शोभले असते त्यांची घरं केव्हाच पाडून झाली होती, आणि ज्यांच्यासाठी ती तीन बिऱ्हाडं व्हायची होती त्यांच्याकडे पाटी रोवायला हिरवळ नव्हती.