अंतराळी तलाव: गैरसमज आणि वस्तुस्थिती

लंडनच्या नाइन एल्म्स भागात, अमेरिकेच्या नव्या वकिलातीला लागूनच, दोन निवासी इमारतींच्या दहाव्या मजल्यांना जोडणारा एक पारदर्शक तलाव मे २०२१मध्ये पोहणाऱ्यांसाठी खुला झाला, आणि जमिनीपासून ३५ मीटर उंचीवर, आधाराचे काहीही दिसत नसताना, निवांतपणे हात मारणाऱ्या माणसांची छायाचित्रे पाहून जगभर कोणाच्या पोटात गोळा उठला, कोणी संतापले, कोणाला त्यात धनिकांच्या उद्दामपणाचा कळस दिसला, तर कोणाला तेथे एकदा तरी डुंबावे असा मोह झाला. ही खळबळ पहिलीच नव्हती. सिंगापूरच्या मरिना बे सँड्स या हॉटेलचा ५७व्या मजल्याच्या उंचीवरील दीडशे मीटर लांबीचा तलाव २०१०मध्ये आणि अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात सुमारे दीडशे मीटर उंचीवर इमारतीच्या भिंतीबाहेर तीन मीटर डोकावणारा तलाव त्यानंतर काही वर्षांनी याच प्रकारच्या उद्गारांना कारणीभूत झाला होता. आणि मुंबईतील एका नियोजित उत्तुंग इमारतीच्या प्रत्येक सज्जात तलाव दाखवणारी हाँगकाँगचे वास्तुरचनाकार जेम्स लॉ यांची संकल्पचित्रे प्रसृत झाली, तेव्हा मुंबईकरांनीही त्यात आपला सूर मिसळला होता.

या उद्गारांतील भय खोटे नसते. परंतु त्या भयाने स्वतःची जी कारणे शोधून काढलेली असतात ती बहुधा निराधार असतात, आणि ज्या बाबींची कसून चौकशी व्हायला हवी त्या मात्र, कदाचित त्या दिसायला भयप्रद नसल्यामुळेच, नजरेआड राहतात. म्हणून रूढ समजुती एकेक करून वस्तुस्थितीशी ताडून पाहणे उचित होईल.

गैरसमज: तळ काचेचा आहे, आणि काच ही कधी ना कधी फुटायचीच.

वस्तुस्थिती अशी की लंडनच्या या तलावाचा तळ काचेचा नाही. तेथे आणि अशा बहुतेक मोठ्या पारदर्शक तलावांत वापरले जाणारे द्रव्य ॲक्रिलिक होय. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ वैमानिकांच्या डोक्यावरील पारदर्शक आच्छादने याच द्रव्याची असत, आणि मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात २०१५च्या नूतनीकरणानंतर प्रेक्षक ज्या बोगद्यातून चालत मासे न्याहाळत, तो बोगदाही ॲक्रिलिकचाच होता. तेवढ्याच आकाराच्या काचेच्या निम्म्याहून कमी वजनाचे, आघात सोसण्यात साध्या काचेहून पुष्कळ सरस, आणि निरनिराळे तुकडे एकजीव सांधता येतील असे हे द्रव्य असल्यामुळे त्याच्या वीतभर जाडीच्या भिंती ओतता येतात. लंडनच्या तलावाची सुमारे ५० टन वजनाची पारदर्शक द्रोणी अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात घडवली गेली आणि समुद्रमार्गे इंग्लंडला आणली गेली. तिच्या भिंती २० सेंटिमीटर जाड असून तळ त्याहूनही जाड आहे. खालून पाहणाऱ्याला जो तलाव नुसत्या एका पातळ तळावर तोललेला भासतो, त्याचा भार वस्तुतः दोन्ही बाजूंच्या उंच भिंती तुळयांप्रमाणे पेलत असतात. तुळया पारदर्शक आहेत म्हणून दिसत नाहीत, एवढेच. शिवाय ॲक्रिलिकचा वक्रीभवनांक सुमारे १.४९, म्हणजे काचेपेक्षा पाण्याच्या १.३३ला अधिक जवळचा असल्यामुळे पाणी कोठे संपते आणि भिंत कोठे सुरू होते हे डोळ्याला चटकन कळत नाही, आणि नेमके तेच पाहणाऱ्याचा थरकाप उडवते.

या द्रव्याला दोष नाहीत असे मात्र नव्हे. उष्णतेने ते पोलाद किंवा काँक्रीट यांच्या सुमारे सहापट प्रसरण पावते. पंधरा मीटर लांबीच्या द्रोणीचे तापमान वीस अंशांनी वाढले, तर तिची लांबी सुमारे दोन सेंटिमीटरने वाढते, आणि त्या वाढीला वाव ठेवावाच लागतो. पुस्तकांच्या भाराने लाकडी फळी जशी वर्षानुवर्षे कणाकणाने वाकत जाते, तसे सततच्या ओझ्याखाली हे द्रव्यही हळूहळू वाकते, आणि हा हिशेब आरंभीच मांडावा लागतो. चुकीच्या रसायनाने पुसल्यास त्यावर बारीक तडे उमटतात. सारांश, धास्ती घ्यायचीच तर ती एकाएकी फुटण्याची नव्हे, वर्षानुवर्षांच्या हेळसांडीची घ्यावी.

गैरसमज: इतक्या उंचीवर पाण्याचा दाब भयंकर असणार, आणि गर्दी झाली की तलाव कोसळणार.

पाण्याचा दाब तलाव कितव्या मजल्यावर आहे यावर अवलंबून नसून तो पाण्याच्या खोलीवर अवलंबून असतो; १.२ मीटर खोल पाणी तळमजल्यावर असो वा पन्नासाव्या मजल्यावर, तळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर ते सुमारे १,२०० किलोचाच भार टाकते. लंडनच्या तलावात १,४८,००० लिटर, म्हणजे जवळजवळ १४८ टन पाणी आहे. त्यात प्रत्येकी ७० किलो वजनाची दहा माणसे उतरली, तरी ती या पाण्याच्या अर्धा टक्काही भरत नाहीत. त्यातही तरंगणारा माणूस आपल्या वजनाइतकेच पाणी बाजूला सारतो, आणि तलाव काठोकाठ भरून वाहणारा असेल, तर तेवढे पाणी कडेवरून खालच्या टाकीत निघून जाते. त्यामुळे पोहणारा उतरल्याने तळावरील एकूण भारात काहीच भर पडत नाही, हा आर्किमिडीजच्या सिद्धांताचा सरळ निष्कर्ष आहे.

येथे एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. आपल्याकडे लोकांना वापरण्याजोगी सपाट गच्ची बांधताना तिच्यावर चौरस मीटरला साधारणतः १५० किलो वापरभार गृहीत धरतात, आणि राहत्या खोल्यांसाठी २००. उन्हाळ्यात मुलांसाठी गच्चीवर मांडलेल्या प्लॅस्टिकच्या हौदात अर्धा मीटर पाणी भरले की चौरस मीटरला ५०० किलो होतात. प्रत्येक किलोचा हिशेब ज्याच्या आराखड्यात मांडलेला आहे तो पारदर्शक तलाव पाहून आपल्याला घाम फुटतो, आणि ज्याचा हिशेब कोणीही केलेला नाही त्या हौदाशेजारी आपण खुर्ची टाकून बसतो.

गैरसमज: इमारती डोलतात, मग दोहोंमधला तलाव फाटणारच.

उंच इमारती वाऱ्याने डोलतात हे खरे, आणि दोन इमारती एकाच वेळी एकाच दिशेने डोलत नाहीत हेही खरे. म्हणूनच लंडनची द्रोणी दोन्ही टोकांना जखडलेली नाही. ती सरकत्या आधारांवर टेकवलेली आहे, जेणेकरून इमारती एकमेकींपासून किंचित दूर गेल्या वा जवळ आल्या, तरी तिच्यावर ताण येऊ नये. मरिना बे सँड्स येथे मोशे सफदी यांनी तीन मनोऱ्यांच्या माथ्यांवर एकच लांबलचक उद्यान ठेवले आणि त्यात तलाव योजला. तीनही मनोरे स्वतंत्रपणे हलत असल्याने पोलादी तलावाचे भाग करून त्यांच्यामध्ये हालचालीला मुभा देणारे सांधे बसवले आहेत, आणि इमारत कालांतराने किंचित खचली तर पातळी पुन्हा जुळवता यावी म्हणून तलावाखाली जॅकची योजना आहे. जे स्थिर भासते ते हलण्याची तजवीज केलेली असल्यामुळेच सुरक्षित असते.

२८ मार्च २०२५ रोजी म्यानमारमधील ७.७ तीव्रतेच्या भूकंपानंतर बँकॉकच्या उंच इमारतींच्या माथ्यांवरील तलावांतून पाण्याचे लोट खाली कोसळतानाची दृश्ये सर्वत्र पोहोचली, आणि तलाव फुटले असाच अनेकांचा ग्रह झाला. त्या दृश्यांत दिसते ते तलाव फुटणे नसून पाण्याचे हेलकावणे आहे. उगमापासून सुमारे हजार किलोमीटरवर भूकंपाच्या जलद कंपनांच्या लहरी विरून मंद कंपनांच्या लहरी उरतात. बँकॉकखालील मऊ चिकणमाती त्यांना आणखी वाढवते. उंच इमारतींचा डोलही मंदच असल्याने तो त्या लहरींना साथ देतो. आणि मग माथ्यावरील पाणी काठ सोडते. याच हेलकाव्याचा उपयोग अभियंते हेतुपुरस्सर करतात: फिलाडेल्फियाच्या कॉमकास्ट सेंटरच्या माथ्याशी अकरा लाख लिटरहून अधिक पाण्याची टाकी केवळ त्या इमारतीचा डोल शमवण्यासाठी बसवलेली आहे. पोहण्याचा तलाव मात्र त्या कामासाठी योजलेला नसतो, आणि भूकंप जाणवताच त्यातून बाहेर पडून काठापासून दूर होणे हेच शहाणपण.

गैरसमज: काठ नसलेल्या तलावातून पोहणारा सरळ खाली जाईल.

काठ नाही असे दिसते, ते दिसावे म्हणूनच योजलेले असते. भिंतीची कड पाण्याच्या पातळीपेक्षा किंचित खाली ठेवतात; पाणी तिच्यावरून पातळ पडद्यासारखे बाहेरच्या पन्हळीत पडते, तेथून टाकीत जाते, गाळले जाते आणि पंपाने परत येते. सिंगापूरच्या तलावातही कडेपलीकडे, काही हात खाली, असा पाणी धरणारा भाग आहे. छायाचित्रकार कॅमेरा पाण्याच्या पातळीला आणतो, तेव्हा तो चौकटीतून वगळला जातो आणि तलावापुढे थेट शहर सुरू झाल्याचा भास होतो. शिवाय त्या पातळ प्रवाहाला माणसाला ओढून नेण्याइतका जोर नसतो.

गैरसमज: छायाचित्र आहे, त्या अर्थी तलाव आहे.

२०१९मध्ये लंडनमधील एका ५५ मजली इमारतीच्या माथ्यावर, चारही बाजूंनी पारदर्शक असलेल्या तलावाचे चित्र प्रसिद्ध होताच 'यात शिरायचे कसे आणि निघायचे कसे' असा प्रश्न असंख्य लोकांनी विचारला. तळातून वर येणाऱ्या फिरत्या जिन्याचे उत्तर रचनाकारांनी दिले, पण पुष्कळांनी लक्षात घेतले नाही ते हे की ते चित्र संगणकावर काढलेले होते आणि तो तलाव बांधलेला नव्हता. लोकांनी घाबरावे म्हणूनच काढलेल्या चित्रांचा एक नवा व्यवहार जन्माला आला आहे, आणि त्याच्या बाजारपेठेत आपला थरकाप हाच माल आहे.

गैरसमज: सर्व सुरक्षित असूनही जो घाबरतो, तो भित्रा किंवा अडाणी.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक यांनी १९६०मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात रांगत्या मुलांना एका भक्कम काचेवर आणले. काचेच्या एका भागाखाली लगेच पृष्ठभाग होता, दुसऱ्या भागाखाली खोल दरी दिसत होती. हाताला काच लागत असूनही, आणि पलीकडून आई बोलावत असूनही, बहुतेक मुले दरीकडे गेली नाहीत. म्हणजे हाताच्या साक्षीवर डोळ्याची साक्ष मात करते, आणि हे शिक्षणाच्या आधीपासून घडते. मोठेपणीही, उभे असताना शरीराचा सूक्ष्म डोल आपण जवळच्या वस्तूंच्या आधाराने सावरत असतो. उंचावर जवळ काहीच नसल्याने डोळ्यांना तो डोल कळत नाही आणि पाय लटपटतात. जर्मनीतील एका पाहणीत सुमारे २८ टक्के प्रौढांनी उंची पाहून असा त्रास कधी ना कधी अनुभवल्याचे नोंदवले आहे. कानाच्या आतील विकाराने येणारी भोवळ ही याहून निराळी बाब असून ती वैद्याला दाखवण्याजोगी आहे. तेव्हा भीती ही बुद्धीची उणीव नव्हे. तिच्या आधारे अभियांत्रिकीचा निवाडा करणे एवढेच चूक.

गैरसमज: हिशेब पक्का असेल, तर कधीच काही होणार नाही.

ही समजूत पहिल्या सर्व समजुतींच्या उलट टोकाची, आणि तितकीच घातक. १६ डिसेंबर २०२२च्या पहाटे बर्लिनमधील एका हॉटेलात १४ मीटर उंचीचे, दहा लाख लिटर पाण्याचे ॲक्रिलिक मत्स्यपात्र एकाएकी फुटले. सुमारे दीड हजार मासे मेले आणि दोन माणसे जखमी झाली. लोक वावरण्याच्या वेळी हे घडले असते, तर परिणाम याहून भयंकर झाला असता. चौकशीत निश्चित एक कारण हाती आले नाही; चिकटवलेल्या सांध्याचा बिघाड, तळाशी पडलेली खाच आणि नूतनीकरणाच्या वेळी पात्र रिकामे असताना द्रव्य सुकणे, अशा शक्यता पुढे आल्या. त्या तीनही शक्यता उंचीशी किंवा थराराशी निगडित नसून सांधे, पृष्ठभाग आणि देखभाल यांच्याशी निगडित आहेत, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

लंडनच्या तलावावर जी सर्वांत सयुक्तिक टीका झाली, तीही पडण्याबद्दलची नव्हती. त्याच संकुलातील परवडणाऱ्या घरांच्या योजनेतील रहिवाशांना तो वापरण्याचा अधिकार नव्हता; आपल्या खिडकीतून दिसणारा तलाव त्यांना केवळ पाहण्यापुरताच होता. पाण्याच्या तळाची पारदर्शकता सर्वांनी पाहिली; प्रवेशाच्या अटींची पारदर्शकता फार थोड्यांनी तपासली.

मुंबई, ठाणे, पुण्याच्या उत्तुंग इमारतींत माथ्यावरील तलाव आता जाहिरातीतील नित्याचा मजकूर झाला आहे, आणि बांधकाम व्यावसायिक सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या हाती कारभार सोपवून निघून गेला की तलावाची संपूर्ण जबाबदारी सभासदांवर येते. ताबा घेताना संस्थेने तलावाचे मूळ नकाशे व भाराचा हिशेब दफ्तरी मागून घ्यावा. सांधे आणि जलरोधक थर कोणी, कधी तपासायचे याचा करार लेखी करावा. पारदर्शक भाग कशाने पुसायचा आणि तलाव किती काळ कोरडा ठेवता येतो हे उत्पादकाकडून लिहून घ्यावे. जीवरक्षकाचा पगार आणि पाणी, वीज, दुरुस्ती यांचा वार्षिक खर्च सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा. आणि तो खर्च ज्यांच्याकडून वसूल होतो त्या सर्वांना तलाव खुला आहे की नाही, हेही विचारावे. या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळाली, तर ज्याला धीर होतो त्याने खुशाल पोहावे, आणि ज्याला होत नाही त्याने काठावर बसण्यात कोणताही कमीपणा मानू नये. उत्तरे मिळालीच नाहीत, तर मात्र तळमजल्यावरच्या तलावातही उतरू नये.