सामायिक विहीर

जालना शहरातील मस्तगड हा किल्ला निजामुल्मुल्क आसफजाह याच्या हुकुमावरून काबिलखानाने १७२५ साली बांधला. चौकोनी तट आणि कोपऱ्यांस अर्धवर्तुळाकार बुरूज अशी त्याची साधी मांडणी आहे. परंतु माझे मन तटाबुरुजांपेक्षा आतील मोठ्या विहिरीकडे अधिक ओढ घेते, कारण तिच्या पोटात सज्जे आणि दालने काढलेली आहेत. पाणी एक आणि त्याच्या काठी जागा अनेक, असा तो घाट आहे. याच शहरात मलिक अंबराच्या काळातील अंमलदार जमशेदखान याने मोती तलाव बांधून, जमिनीखालच्या नळांनी त्याचे पाणी गावातील हौदांपर्यंत खेळविले होते. हा तलाव, ते नळ आणि ते हौद ध्यानी ठेवले, म्हणजे आजच्या डेटा सेंटरमधील व्यवस्था वाचकास फारशी परकी वाटणार नाही.

एका भक्कम सर्व्हरच्या पोटी अनेक स्वतंत्र संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, नांदविण्याची विद्या आय.बी.एम.ने १९६७ च्या सुमारास आपल्या अवाढव्य यंत्रांवर सिद्ध केली. १९९८ साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने ती साध्या सर्व्हरांवर आणली, आणि २००७ साली केव्हीएम या नावाने ती लिनक्सच्या गाभ्यातच दाखल झाली. हायपरव्हायझर ही प्रणाली प्रोसेसर आणि मेमरी यांची वाटणी करते. तिच्या आश्रयास असलेल्या प्रत्येक व्हर्च्युअल मशीनला मात्र सारे घर आपलेच आहे असे वाटत असते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने २०१४ साली सरकारी खात्यांसाठी जो राष्ट्रीय क्लाउड सुरू केला, त्याचा पाया हाच.

आता नळांचे पाहू. व्हर्च्युअल मशीनला तार जोडता येत नाही. म्हणून सर्व्हरच्या आत एक स्विच केवळ प्रणालीच्या रूपाने उभा करतात, आणि त्याचे दुसरे टोक खऱ्या तारेस जोडतात. लेखाशाखेचे टपाल आणि पाहुण्यांचे टपाल त्या एकाच तारेतून जाणार असेल तर त्यांची सरमिसळ होऊ नये, यासाठी प्रत्येक पॅकेटवर चार बाइटांची एक चिठ्ठी डकवितात. तिच्यात व्हीलॅनचा, म्हणजे त्याच तारेवरील निराळ्या जाळ्याचा, क्रमांक असतो, आणि असे ४,०९४ क्रमांक वापरता येतात. हा बंदोबस्त करताना व्यवस्थापन, साठवण आणि मशीनांची नित्याची वाहतूक यांचे मार्ग प्रथमपासूनच निराळे काढावेत. साठवणीच्या मार्गावर पॅकेटाचा आकार १,५०० बाइटांवरून ९,००० पर्यंत वाढविण्याचा प्रघात आहे. तो दोन्ही टोकांस वाढविला आणि मधल्या एखाद्या स्विचवर तसाच राहिला, तर छोटे निरोप सुखरूप पोचतात, जोडणी ठीक आहे असा सर्वांचा समज होतो, आणि मोठी फाइल लिहावयास घेताच सारे काम जागच्या जागी थबकते. हा दोष शोधण्यात जाणत्या माणसांच्याही रात्री गेलेल्या आहेत.

परंतु सर्व प्रकरणाचा जीव साठवणीत आहे. मशीनची डिस्क ज्या सर्व्हरवर ती चालते त्याच्याच पोटात ठेवली, तर तो सर्व्हर बंद पडताच मशीनही त्याच्याबरोबर जाते. डिस्क बाहेरच्या सामायिक साठवणीत असेल, तर दुसरा सर्व्हर तीच डिस्क उघडून मशीन पुन्हा उभे करतो. सन कंपनीने १९८४ साली काढलेली, तारेवरून फाइली पुरविणारी एनएफएस, साध्या तारेवरून डिस्क पुरविणारी आयस्कझी, अनेक सर्व्हरांच्या डिस्का मिळून एक तलाव करणारी सेफ, या अशा साठवणीच्या प्रचलित रीती. चालते मशीन न थांबविता एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेता येते, तेही यामुळेच सुकर झाले: मेमरीची पाने एकामागून एक पाठविली जातात, शेवटची काही उरली की क्षणमात्र मशीन रोखतात, आणि नव्या ठिकाणी जागे होताच त्याच्या पत्त्याची वर्दी स्विचला दिली जाते. डिस्क मुळी हललेलीच नसते.

सातबाऱ्याच्या इतर हक्कांत ‘विहीर सामायिक’ अशी नोंद असली, की भावाभावांत पाण्याच्या पाळ्या ठरतात. येथेही तेच. दोन सर्व्हरांनी एक डिस्क एकाच वेळी लिहावयास घेतली, तर ती वाचण्याजोगी राहत नाही. म्हणून पाळी सांभाळणारे कुलूप असते. परस्परांतील तार तुटली की प्रत्येकास दुसरा मेला असे वाटते, आणि दोघेही तेच मशीन सुरू करू पाहतात. अशा वेळी बहुमताने निर्णय व्हावा म्हणून निदान तीन मते ठेवतात, आणि संशयित सर्व्हरचा वीजपुरवठा आधी तोडून मगच त्याचे काम दुसऱ्याच्या हवाली करतात. हा कठोरपणा मला सर्वस्वी योग्य वाटतो.

एवढे करूनही सामायिक साठवणीस बॅकअप मानता येत नाही, कारण चुकून पुसलेली फाइल सर्व सर्व्हरांसाठी एकाच क्षणी पुसली जाते. तेव्हा ज्यांच्या बँकेत, महाविद्यालयात किंवा कचेरीत अशी उभारणी चालली असेल, त्यांना माझी आग्रहाची विनंती आहे की सर्व डेटाची एक प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवावी, आणि वर्षातून दोनदा तरी त्या प्रतीतून एक मशीन प्रत्यक्ष उभे करून पाहावे.